महाडीबीटी शिष्यवृत्ती: अर्ज परत येण्याच्या आणि पैसे अडकण्याच्या चुका

अर्ज मंजूर, पण खात्यात दमडी नाही, ही महाडीबीटीवरची, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती-अर्जांच्या संकेतस्थळावरची, नेहमीची तक्रार. ‘आधार बँकेला जोडलंय की’ हे त्यावरचं नेहमीचं उत्तर, आणि घोळ बहुतेकदा तिथेच असतो. खातं उघडताना केवायसीसाठी (ओळख पटवण्यासाठी) आधार दिलं म्हणजे ते थेट लाभासाठी जोडलं गेलं असं होत नाही. आधारावर येणारी रक्कम खातेक्रमांक पाहत नाही. एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या संस्थेच्या नोंदीत तुमच्या आधारापुढे ज्या बँकेचं नाव असेल, तिथे ती जाते. ही नोंद एका वेळी एकाच बँकेची असते. मध्येच दुसऱ्या बँकेत खातं काढून तिथे आधार सीडिंगला (ही नोंद त्या बँकेच्या नावे करायला) संमती दिलीत, की पैसा तिकडे वळतो आणि तुम्ही जुनं पासबुक भरत बसता.

मायआधार संकेतस्थळावर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा. हवी ती बँक आणि ‘ॲक्टिव्ह’ हा शेरा, दोन्ही दिसायला हवं. नसेल तर शाखेत जाऊन आधार सीडिंगचा संमतीअर्ज द्या आणि काही दिवसांनी पुन्हा तपासा. हे काम फॉर्म भरायच्या आधीचं आहे, हप्ता अडकल्यावरचं नाही.

खात्याचा प्रकारही विचारून घ्या. अपुऱ्या कागदपत्रांवर उघडलेल्या ‘स्मॉल अकाउंट’मध्ये शिल्लक एरवी ५० हजारांच्या वर जाऊ शकत नाही (सरकारी लाभाच्या रकमेला ही शिल्लक-मर्यादा लागू नाही) आणि वर्षाला एकूण जमा १ लाखापर्यंतच चालते. मोठी रक्कम अशा खात्यावर अडकू शकते. पूर्ण केवायसी केली की मर्यादा सुटते.

दुसरी चूक योजना निवडण्यातली. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख आहे. त्यावर उत्पन्न असेल तर फ्रीशिप ही फीमाफीची वेगळी योजना आहे. खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, मर्यादा ८ लाख, आणि लाभ कुटुंबातल्या दोनच अपत्यांना. ज्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅप (केंद्रीय प्रवेश फेरी) आहे, तिथे प्रवेश कॅपमधूनच झालेला लागतो. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेऊन हा अर्ज भरणं म्हणजे कॅफेवाल्याला फुकट पैसे देणं.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचाच लागतो. त्यावर कोणत्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न लिहिलंय ते नीट वाचा. गेल्या वर्षीचा दाखला तसाच अपलोड केल्यामुळेही अर्ज ‘सेंड बॅक’ होतात. नावाचंही तसंच. आधार, गुणपत्रिका आणि जातीचा दाखला यांतलं स्पेलिंग जुळवा, आणि आधारात दुरुस्ती लागणार असेल तर प्रवेशाच्या धावपळीआधीच करून ठेवा. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र जोडा.

फॉर्म सबमिट झाला म्हणजे काम संपलं, असंही नाही. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो आणि तिथे पडताळणी झाल्यावरच पुढे विभागाकडे सरकतो. प्रिंट व कागदपत्रांच्या प्रती शिष्यवृत्तीच्या लिपिकाकडे द्या आणि पोच घ्या. पंधरा दिवसांनी स्टेटस अजून संस्थेच्याच पातळीवर दिसत असेल, तर कॉलेजात जाऊन विचारा. तोवर विभागीय कार्यालयात फेऱ्या मारून उपयोग नाही. अर्ज परत आला तर आधी शेरा वाचा, तेवढंच दुरुस्त करून पुन्हा पाठवा. पासवर्ड विसरला म्हणून दुसरं प्रोफाइल काढणं ही सगळ्यात वाईट दुरुस्ती. जुनंच लॉगिन परत मिळवा, कारण पुढच्या वर्षीचं नूतनीकरण त्याच प्रोफाइलमधून करायचं असतं.

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यात कॉलेजची फीही धरलेली असते. ती घरखर्चात विरघळली तर कॉलेज थकबाकी दाखवतं. रक्कम जमा झाली की लगेच फी भरा आणि पावती नूतनीकरणापर्यंत जपून ठेवा.