बंद कारखान्याची जमीन पुन्हा वापरात आणताना या चुका टाळा

कारखाना बंद पडून वीस-पंचवीस वर्षं झाली की आवारात गवत माजतं, भिंतींतून पिंपळ फुटतात आणि आत नेमकं काय बनत होतं हे नव्या पिढीला ठाऊक नसतं. मग वस्तीच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, इथे मुलांसाठी मैदान करूया, दवाखाना काढूया. मागणी अगदी रास्त असते. वर्षानुवर्षं कुलूपबंद असलेली जागा लोकांच्या उपयोगी यावी यासाठी झटणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण हिरवळ दिसली म्हणजे माती बरी झाली असं नसतं. शिसं कुजत नाही की उडून जात नाही. ते जिथे सांडलं, तिथल्या वरच्या थरात पन्नास वर्षांनीही सापडतं.

खालच्या चुकांपैकी बऱ्याचशा जेसीबी फाटकातून आत येण्याआधीच झालेल्या असतात.

जमिनीची पूर्वपीठिका न काढताच नमुने घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. प्रयोगशाळा तुम्ही सांगाल तेच शोधते. जड धातूंची यादी दिली तर धातूंचे आकडे येतील. त्याच मातीत ट्रायक्लोरोएथिलीनसारखं द्रावक (तेल-ग्रीस विरघळवणारं रसायन) असलं, तरी अहवालात त्याचं नावही येणार नाही. म्हणून आधी विचारायचं, इथे काय चालत होतं? मुलामा देण्याचा कारखाना असेल तर क्रोमियम, निकेल आणि सायनाइड शोधा. कपड्यांच्या ड्राय क्लीनिंगच्या जागी पर्क्लोरोएथिलीन, पेट्रोलच्या टाक्यांपाशी बेंझिन, लाकूड मुरवण्याच्या आवारात क्रिओसोट (लाकूड टिकवणारं डांबरी तेल) आणि आर्सेनिक, जुन्या ट्रान्सफॉर्मरपाशी पीसीबी, म्हणजे त्यांच्या तेलातली विषारी रसायनं. एकाच आवारात तीन पिढ्यांत तीन वेगळे धंदे झालेले असणंही नेहमीचंच.

जुने नकाशे, हवाई छायाचित्रं, परवाने आणि खरेदीखतं काढा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथे राबलेल्या माणसांना गाठा. सांडपाणी कुठल्या चरात सोडायचे, फुटकी पिंपं कुठे पुरायचे, आग कधी लागली होती, हे निवृत्त कामगार बोट दाखवून सांगतो. नकाशात ते कधीच नसतं.

अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाचा अर्धवट खणलेला कालवा होता. १९४२ ते १९५३ या काळात हुकर केमिकल कंपनीने त्यात सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा पुरला आणि १९५३ मध्ये ती जागा शाळा मंडळाला एका डॉलरला दिली. खाली कचरा आहे, हे खरेदीखतात लिहिलेलं होतं. तरी तिथे शाळा उभी राहिली, भोवती घरं झाली, आणि १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली. माहिती कागदावर होती. ती वाचून थांबणारं कुणी नव्हतं, हे आजही मला फार लागतं.

आणखी एक, व्यवहार झाल्यावर तपासणी करू नका. अनेक देशांच्या कायद्यांत जुनं प्रदूषण निस्तरण्याची जबाबदारी नव्या मालकाच्याही गळ्यात पडू शकते. अमेरिकेत त्यातून वाचायचं असेल तर चौकशी खरेदीआधीच करावी लागते, आणि तिचे मुख्य भाग १८० दिवसांत शिळे ठरतात.

सरासरीत विष लपवणं

खर्च वाचवायला पाच ठिकाणची माती एकत्र कालवून एकच नमुना पाठवतात. समजा, चार ठिकाणी शिसं किलोमागे ५० मिलिग्रॅम आहे आणि पाचव्या ठिकाणी, जुन्या बॅटरीच्या शेडखाली, १,५०० आहे. मिश्रणाचा आकडा येईल ३४०. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने राहत्या जागेसाठी अनेक वर्षं ४०० ही छाननीची पातळी, म्हणजे जिच्यावर गेल्यास पुढचा तपास करायचा ती मर्यादा, धरली होती. म्हणजे जागा पास! आणि मूल खेळणार नेमकं त्या पाचव्या कोपऱ्यात.

हीच पातळी २०२४ मध्ये २०० वर आणली गेली. तेव्हा तोच अहवाल, तेच ३४०, आता नापास. जुना अहवाल हातात आला तर आकड्याआधी त्याची तारीख आणि त्यातला निकष बघा.

संशयाच्या जागांचे नमुने सुटे घ्या आणि उरलेल्या आवारात ठरावीक अंतराची जाळी आखून घ्या. खोलीही उद्देशानुसार ठरवा. मुलांच्या हाताला लागते ती वरची काही सेंटिमीटर माती, पण पायासाठी तीन मीटर खणणार असाल तर तिथली माती वर येणार आहे. कारखान्यांच्या जागेत बाहेरून आणलेला भराव बऱ्याचदा असतो, आणि तो कुठून आला हे कुणालाच माहीत नसतं. भरावाचा प्रत्येक थर वेगळा तपासा.

क्रोमियमच्या बाबतीत नुसता एकूण आकडा घेऊन भागत नाही. त्रिसंयुजी क्रोमियम त्या मानाने सौम्य असतं. षट्संयुजी रूप कर्करोगकारक आहे आणि पाण्याबरोबर सहज पसरतं. त्याची चाचणी वेगळी मागावी लागते. उडून जाणाऱ्या द्रावकांसाठी घेतलेल्या पाण्याची बाटली काठोकाठ भरलेली हवी, वर हवेचा बुडबुडा नको, आणि ती थेट बर्फात ठेवायची. उन्हात तापलेल्या गाडीतून नेलेल्या नमुन्याचा निकाल हमखास ‘चांगला’ येतो.

माती तपासली, पण पाणी आणि हवा विसरली

पेट्रोल पाण्यावर तरंगतं, तर ट्रायक्लोरोएथिलीन पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड असल्याने भूजलातून खाली बुडत जातं आणि न झिरपणाऱ्या थरावर साचून वर्षानुवर्षं विरघळत राहतं. उथळ विहिरीचं पाणी स्वच्छ आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. भूजल कुठल्या दिशेला वाहतं हे कळायला किमान तीन निरीक्षण विहिरी लागतात, त्याही एका रांगेत नसलेल्या. आणि एका ऋतूत घेतलेल्या मोजमापावर वर्षाचा निष्कर्ष काढू नका.

याच द्रावकांची वाफ मातीतून वर सरकते आणि पायाच्या भेगांमधून घरात शिरते. बाहेर ती वाऱ्याबरोबर विरते, बंद खोलीत मात्र साठते. वास येईलच असं नाही. म्हणून बांधकामाआधी मातीतल्या पोकळ्यांमधल्या हवेची चाचणी करा. जोत्याखाली पडदा आणि हवा ओढून घेणारे पाइप सुरुवातीलाच घातले तर खर्च थोडा येतो. इमारत झाल्यावर तेच काम जिवावर येतं.

‘जागा स्वच्छ आहे’ एवढंच म्हणून थांबणं

स्वच्छ कशासाठी? गाड्या उभ्या करायला पुरेशी असलेली जागा भाजीच्या वाफ्यांना चालणार नाही, आणि अंगणवाडीला तर नाहीच. वापर आधी ठरवा, मग निकष निवडा, मग उपाय. लोकांना भाजीच पिकवायची असेल तर वाफे उंच करून, खाली कापडी अडथळा घालून, तपासलेली माती भरता येते. पुढे वापर बदलला की मूल्यमापन पुन्हा करायचं, हे अहवालात लिहून घ्या.

खणा आणि दुसरीकडे टाका

माती ट्रकमधून गेली की सगळ्यांना हायसं वाटतं. ती कुणाच्या तरी दारात जाते. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा दुर्घटनेनंतर चाळीस वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, मध्य प्रदेशातल्याच पिथमपूरला जाळण्यासाठी हलवला तेव्हा तिथले लोक रस्त्यावर उतरले. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. शिवाय तो झाला बांधून ठेवलेला कचरा. जमिनीत आणि भूजलात मुरलेलं वेगळंच.

जिथल्या तिथे काही करता येतं का, हे आधी तपासा. लंडनमध्ये २०१२ च्या ऑलिंपिकसाठी जुन्या औद्योगिक पट्ट्यात बागा आणि क्रीडांगणं केली, तेव्हा मोठ्या प्रमाणावर माती जागेवरच धुऊन पुन्हा वापरली गेली. तेलकट प्रदूषण जिवाणूंकडून कुजवता येतं, मातीतली वाफ ओढून घेता येते. पण जिवाणू शिशाला काही करू शकत नाहीत, आणि वनस्पती लावून धातू काढायचं म्हटलं तर फार वर्षं जातात. कुणी एकाच उपायावर सगळं बरं करण्याची हमी देत असेल, तर त्याला हाकलायची गरज नाही, प्रश्न मात्र भरपूर विचारा.

पाडकामाची घाई

पत्र्यात आणि पाइपांच्या वेष्टनात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते प्रशिक्षित माणसांनी आधी उतरवावं, मग भिंती पाडाव्यात. राडारोडा ओला ठेवा, ट्रक झाका, चाकं धुऊनच बाहेर सोडा, कुंपणापाशी धूळ मोजा. जमिनीतून वर आलेला एकटा बारीक पाइप दिसला तर खाली विसरलेली टाकी असू शकते.

लोकांना शेवटी सांगणं

निकाल आल्यावर दोन महिने कपाटात ठेवले की अफवा पसरते, आणि मग खरे आकडेही कुणी मानत नाही. काय सापडलं, कुठे, किती, कुणाला त्याचा संबंध येतो, हे नकाशावर दाखवा. ‘घाबरण्यासारखं काही नाही’ हे वाक्य टाळाच. जागा सुधारल्यावर भाडी वाढून जुनेच रहिवासी बाहेर फेकले जाऊ नयेत, ही चर्चाही पहिल्या बैठकीत व्हावी. त्यांनीच इतकी वर्षं धूर सोसलेला असतो.

काम सुरू झाल्यावर अडलं तर

दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नसतील तर आधी पद्धत बघा. एकीने कोरड्या वजनावर आणि दुसरीने ओल्या वजनावर हिशेब केला असेल. तरी शंका उरली तर एकच नमुना दुभागून दोघींना द्या.

खणताना माती अचानक निळी निघाली किंवा डांबरगोळ्यांसारखा वास आला, तर जुन्या कोळसा-वायू कारखान्याचा कचरा असण्याची शक्यता मोठी. यंत्र थांबवा, खड्डा झाका, ती माती दुसऱ्या ढिगात मिसळू देऊ नका.

पाणी उपसून शुद्ध करणं थांबवल्यावर काही महिन्यांनी प्रदूषण पुन्हा वर चढलं, तर काम फसलं असं लगेच समजू नका. बारीक कणांच्या थरांत अडकलेलं द्रावक हळूहळू बाहेर येतं. मूळ साठा शोधून त्यावर उपाय करावा लागेल, आणि विहिरी इतक्यात बुजवायच्या नाहीत.

प्रदूषित मातीवर स्वच्छ मातीचं आवरण घातलं असेल तर देखभालीचा निधी आणि जबाबदार माणूस पहिल्याच दिवशी ठरवा. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये जुन्या कोळसा-वायू कारखान्याच्या जागेवर केलेलं गॅस वर्क्स पार्क १९७५ मध्ये लोकांसाठी उघडलं. त्यानंतरही जुनं डांबर जमिनीतून वर झिरपत राहिलं आणि सफाईची कामं काही दशकं चालली. आवरणाखाली भगव्या रंगाची जाळी अंथरतात, ती पुढच्या खणणाऱ्यासाठी खूण असते. दहा वर्षांनी नळाची किंवा केबलची दुरुस्ती करायला आलेल्या मजुराला तिचा अर्थ कुणी सांगितलेला नसतो. जागेचा नकाशा पाणी, वीज आणि दूरध्वनीच्या कार्यालयांत देऊन ठेवा. जाळी फाटली असेल तर खालून निघालेली माती वेगळ्या ताडपत्रीवर काढा, आधी तीच खाली घाला, जाळी जोडा आणि मगच वरची माती टाका.