परदेशी राहायला जाताना भारतातलं सिम सांभाळा

डब्लिनला पोहोचल्यावर भारतातला नंबर बंद पडला, की ओटीपीवाचून बँक, आधार, आयकराचं पोर्टल सगळंच अडतं.

१. निघण्याच्या आठवडाभर आधी इथूनच आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या.
२. फोन दोन सिमचा असू द्या. जुनं सिम आत, तिकडचा नंबर ई-सिमवर (कार्ड न घालता फोनमध्येच सुरू होणारं सिम).
३. विमानात बसण्याआधी जुन्या सिमचं डेटा रोमिंग, म्हणजे परदेशात त्या सिमवर चालणारं इंटरनेट, तेवढं बंद करा. हे विसरलात तर भुर्दंड मोठा.
४. रिचार्जची तारीख घरच्यांनाही लिहून द्या.

सिम आईबाबांकडे ठेवून जाऊ नका. तिकडे संध्याकाळचे आठ वाजतात तेव्हा इथे मध्यरात्र उलटलेली असते. ओटीपीसाठी त्यांना झोपेतून उठवावं लागतं.