जुनी पिकअप घेताना: बाकी राहिलेले रिकॉल आणि नेहमीचे बिघाड कसे शोधावेत

कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावलेली, पण कधी वर्कशॉपला न गेलेली पिकअप बाहेरून इतर गाड्यांसारखीच दिसते. रिकॉलचा निरोप पहिल्या मालकाच्या पत्त्यावर आणि मोबाइलवर जातो. इंदूरमध्ये मालाची गाडी पाच-सात वर्षांत दोन-तीन हातांतून फिरते, आणि निरोप पहिल्याच घरी राहतो. रिकॉल चेसिस नंबरवर असतो, मालकाच्या नावावर नसतो. म्हणून इसार देण्याआधी (इथल्या बोलीत बयाना) सुरुवात चेसिस नंबरापासून करा.

१. चेसिस नंबर स्वतः उतरवून घ्या

आरसीवरचा किंवा विकणाऱ्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला नंबर पुरेसा नाही. बहुतेक पिकअपमध्ये तो फ्रेमच्या उजव्या पट्टीवर, पुढच्या चाकाच्या आसपास ठोकलेला असतो. तारेच्या ब्रशने माती काढा, पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासा. ठसा आरसीशी अक्षरन्‌अक्षर जुळला पाहिजे. आजूबाजूची धातू घासलेली असेल, अक्षरे वाकडीतिकडी असतील किंवा तेवढ्याच जागी नवा रंग असेल, तर तो सौदा तिथेच सोडा.

नंबर १७ अक्षरांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच येत नाहीत, त्यामुळे तसे दिसणारे चिन्ह म्हणजे एक किंवा शून्य. सुरुवात महिंद्राची एमए१, टाटाची एमएटी, मारुतीची एमए३, अशोक लेलँडची एमबी१ आणि फोर्सची एमसी१. दहावे अक्षर बहुधा वर्ष सांगते: के म्हणजे २०१९, एल २०२०, एम २०२१, एन २०२२, पी २०२३.

आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष वेगळे छापलेले असते, तेही टिपून घ्या. गाडी रिकॉलमध्ये येते की नाही, हे ती कधी बनली यावर ठरते. डिसेंबरमध्ये बनलेली गाडी मार्चमध्ये नोंदली गेली असेल, तर नोंदणीच्या तारखेवरून शोधणारा हमखास चुकतो.

२. रिकॉल शोधा

कंपनीच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून पाहण्याची सोय बहुधा असते. त्याशिवाय अधिकृत वर्कशॉपच्या सर्व्हिस अॅडव्हायझरला नंबर देऊन दोन गोष्टी विचारा: या गाडीवर कुठली मोहीम (म्हणजे रिकॉलचे काम) बाकी आहे का, आणि शेवटची नोंद किती किलोमीटरवर आहे? मीटर ८० हजार दाखवतो आणि दोन वर्षांपूर्वीची नोंद १ लाख १० हजारांची असेल, तर उत्तर तुमच्यासमोरच आहे.

रिकॉलमध्ये काय निघते याची ही जाहीर उदाहरणे. महिंद्राने २०२१ मध्ये २९,८७८ पिकअप परत बोलावल्या. जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ मध्ये बनलेल्या या गाड्यांत फ्लुइड पाइपची जोडणी नीट झाली नसल्याची शंका होती. मारुतीच्या सुपर कॅरी या छोट्या मालगाडीत २०१८ साली ६४० गाड्यांचा फ्युएल पंप तपासायला घेतला गेला. ४ मे ते ३० जुलै २०२२ या काळात बनलेल्या ५,००२ सुपर कॅरीत ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या बेल्ट-बकलच्या ब्रॅकेटचा बोल्ट नीट आवळला गेला नसल्याची शक्यता होती. तो बोल्ट रोजच्या वापरात काहीच त्रास देत नाही, अपघाताच्या क्षणीच दगा देतो. म्हणून "गाडी मस्त चालते" हे रिकॉल न करण्याचे कारण होऊ शकत नाही.

दुरुस्ती मोफत असते, गाडी तिसऱ्या हातातली असली तरी. मोहीम बाकी असेल तर आधी वेळ ठरवा, सुटा भाग मागवायला सांगा, आणि काम झाल्यावर जॉब कार्डवर मोहिमेचा क्रमांक व "पूर्ण" अशी नोंद मागून घ्या. ब्रेक, इंधन किंवा स्टिअरिंगशी संबंधित काम बाकी असेल तर ते होईपर्यंत गाडीत माल भरू नका.

१ एप्रिल २०२१ पासून सरकारलाही रिकॉल सक्तीने करायला लावता येतो. ही तरतूद ७ वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांसाठी आहे, आणि दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत होऊ शकतो. एकाच प्रकारचा दोष वारंवार आढळला तर मालकाला त्याची तक्रार परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर नोंदवता येते. वर्कशॉपने मोफत काम नाकारले तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. स्वतः गाडी चालवून पोट भरणारा माणूस ग्राहक कायद्यात ग्राहकच धरला जातो, त्यामुळे "व्यावसायिक गाडी आहे" हे ऐकून परत फिरू नका.

३. खाली वाका: फ्रेम, पाटे, ब्रेक

पिकअपच्या बहुतेक तक्रारींचे मूळ एकच, जादा माल. मंडीत क्षमतेच्या दीडपट वजन भरणे नेहमीचे झाले आहे, आणि ते आधी फ्रेमवर उमटते. टॉर्च घेऊन मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, केबिनच्या मागची जागा आणि आडव्या पट्ट्यांचे सांधे बघा. केसासारखी चीर, ताज्या वेल्डिंगची रेघ किंवा मध्येच फासलेला नवा काळा रंग दिसला तर ती गाडी घेऊ नका. वेल्ड केलेली फ्रेम त्या जोडाच्या शेजारीच पुन्हा फाटते.

मग पाटे मोजा, दोन्ही बाजूंचे. जादा पाटा घातलेला असेल तर आणखी एक जागा बघायची, जी मेकॅनिकही अनेकदा सोडून देतात. अनेक पिकअपमध्ये मागच्या अॅक्सलवरून एक छोटी दांडी वर व्हॉल्व्हला जाते. हा एलएसपीव्ही, वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा. जादा पाट्यामुळे मागची बाजू उंच राहिली की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि भरलेल्या गाडीच्या मागच्या चाकांना कमी ब्रेक मिळतो. दांडी काढून टाकलेली किंवा तारेने बांधलेली असेल तर ती नीट बसवून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.

इंजिन चालू ठेवून ब्रेकचे पेडल एक मिनिट दाबून धरा. ते हळूहळू खाली गेले आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलेंडरचे रबर गेले. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल असेल तर ती बोटावर घेऊन पाहा: पातळ आणि रंग उडवणारी असेल तर ब्रेक फ्लुइड, म्हणजे व्हील सिलेंडर. दाट आणि गंधकासारख्या वासाची असेल तर अॅक्सलचे ऑइल सील. दोन्हींत ब्रेक लायनर भिजलेले असतात, तेही बदलावे लागतात.

ब्रेक फ्लुइड हवेतले पाणी शोषते. नवे डॉट-४ (ब्रेक फ्लुइडचा एक दर्जा) किमान २३० अंशांना उकळते, तर पाणी शोषलेल्या फ्लुइडसाठी मानकाची मर्यादा १५५ अंश आहे. राऊ-खलघाट रस्त्यावरच्या गणेश घाटात भरलेली गाडी सतत ब्रेकवर उतरवली की हा फरक जिवावर बेततो, कारण फ्लुइड उकळले की पेडल पोकळ होते. काळपट फ्लुइड लगेच बदला, पुढे दर दोन वर्षांनी.

४. थंड इंजिनवर सुरू करा, मग वजन घालून चालवा

पोहोचताच बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर विकणाऱ्याने आधीच सुरू करून ठेवली आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी या. सुरू झाल्यावर निळा धूर म्हणजे तेल जळते, न थांबणारा गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कूलंट आत जाते. तेलाचे झाकण काढल्यावर धापा टाकल्यासारखा जोर आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. बीएस-६ डिझेल गाडी फक्त शहरातल्या सियागंज-छावणीच्या छोट्या फेऱ्यांवर राहिली असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळीने भरलेला असू शकतो. त्याचा दिवा पेटलेला नाही ना, आणि चावी फिरवल्यावर क्षणभर तरी लागतो ना, दोन्ही बघा. बल्बच काढलेला असतो कधीकधी.

रिकामी पिकअप काहीच सांगत नाही. ५० किलोची दहा पोती टाका आणि बायपासवर न्या.

- पहिल्यातून रिव्हर्समध्ये टाकताना ठक्क आवाज आला तर प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा) यूजे क्रॉस, म्हणजे सांधा, गेला.
- वेग घेताना ४० ते ६० दरम्यान गाडीचा तळ थरथरला तर त्याच शाफ्टचे सेंटर बेअरिंग.
- खड्ड्यानंतर स्टिअरिंग डुगडुगले तर टाय-रॉड एंड किंवा बुश.
- तिसऱ्या गिअरमध्ये चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट.

हे चारही भाव कमी करून घेण्याचे मुद्दे आहेत, गाडी नाकारण्याचे नव्हेत. टायरवरचे चार अंकही वाचा: २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. सीएनजी गाडीत सिलेंडरच्या चाचणीची तारीख बघा, ती दर तीन वर्षांनी करावी लागते.

५. कागद

मालवाहू गाडीचा फिटनेस दाखला आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. ३,००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या गाडीला परमिट लागत नाही. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी घ्या. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओच्या एनओसीचा फॉर्म २८. मग इंदूरच्या नायता मुंडल्यातल्या आरटीओत ३० दिवसांच्या आत नाव चढवा. त्याच वेळी वाहन पोर्टलवर आणि कंपनीच्या वर्कशॉपमध्ये स्वतःचा मोबाइल नंबर नोंदवा. पुढचा रिकॉल निघाला तर निरोप त्याच नंबरवर येईल.