बाटलीवरचा बारकोड टॅबलेटने वाचताना

म्हापशातल्या दुकानात फेणीच्या बाटल्यांची नोंद टॅबलेटवर करायची, तर आधी मागच्या कॅमेऱ्याला ऑटोफोकस आहे का ते पाहा. नसेल तर मेगापिक्सेल कितीही असोत, जवळच्या रेघा पुसटच येतात.

अ‍ॅप तुम्हीच लिहीत असाल, तर कॅमेराएक्स या अँड्रॉइडच्या कॅमेरा लायब्ररीचं चित्र-विश्लेषण मुळात 640×480 पिक्सेलवर चालतं. ते 1280×720 करा. ईएएन-13, म्हणजे मालावरच्या 13 अंकी बारकोडची रुंदी 95 एककं असते. प्रत्येकाला किमान 2 पिक्सेल धरले, तर 190 हवेतच. एमएल किटला (बारकोड वाचणारी गूगलची लायब्ररी) एवढाच प्रकार शोधायला सांगा, वेग वाढतो. पहिली फ्रेम वाचून अ‍ॅप गप्प बसलं? इमेजप्रॉक्सी, म्हणजे कॅमेराएक्सने हाती दिलेली ती फ्रेम, बंद करायची राहिली असणार. नवख्यांची ही हमखास चूक.

टॉर्च काचेवर चमकतो, म्हणून बाटली जरा तिरकी धरा. पावसाळ्यात एसीतून बाहेर आणलेल्या टॅबलेटच्या भिंगावर बाष्प धरतं. पुसूनही परत धरलं, तर तो बाहेरच्या हवेइतका गरम होईस्तोवर थांबा.