जुनी झेन नायतर पॅलिओ घ्यायचीय? आधी पत्रा बघा, इंजिन नंतर

ज्यांनी त्या काळात मारुतीची झेन चालवलीय त्यांना वेगळं काय सांगायला नको, पण ज्यांच्या घरी होती आणि विकली गेली, किंवा शेजारच्या डॉक्टरांची बघून बघून मोठे झालात आणि आता हातात चार पैसे आल्यावर तशीच एक गाडी घ्यायची म्हणताय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. साताऱ्यात, सांगलीत, कराडात असे लय जण आहेत, आणि बहुतेक जण गाडी बघायला गेलं की पहिलं बॉनेट उघडतात. तसं करू नका. इंजिन कुठलाही चांगला मिस्त्री बांधून देतोय, कुजलेला पत्रा कुणी परत आणून देत नाही.

आधी ह्या गाड्यांत एवढं काय होतं ते बघू, म्हणजे घेताना काय जपायचं ते कळेल. झेन १९९३ ला आली, ९९३ सीसीचं चार सिलेंडरचं ॲल्युमिनियम इंजिन, ताकद फक्त ५० बीएचपी. आजच्या पोरांना हा आकडा सांगितला तर ते ऐकूनच सोडून देतील. पण गाडीचं वजन होतं साडेसातशे किलोच्या आसपास, बुटकी, चाकं चार कोपऱ्यांना, आणि पॉवर स्टेअरिंग नसलेल्या मॉडेलला तर रस्त्यावरचा प्रत्येक खडा हाताला कळायचा. इंजिन वरच्या आरपीएमला गेलं की असं मोकळं गायचं की काच खाली करूनच चालवावी वाटायची. बाहेरच्या देशात फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय १९७६ ला आली, मग प्यूजोची २०५ जीटीआय, त्यांची एक अख्खी पिढी त्यावर वाढली. त्या छोट्या चपळ गाड्या तेव्हा आपल्याकडं आल्याच नाहीत, ती जागा आपल्या झेननं भरली आणि मला विचाराल तर मनापासून भरली. मी गाडी शिकलो तीच चुलत भावाच्या झेनवर, आणि आजही नव्या गाडीत बसलो की पहिल्या वळणाला हात तेच वजन शोधतात.

तर मजा हलकेपणात आहे, ताकदीत नाही. खालचं सगळं ह्याच हिशोबानं सांगतोय.

कुठली घ्यायची? पहिल्यांदाच जुनी गाडी घेत असाल आणि घरात ती रोज लागणार असेल तर २००५ ते २०१० मधली स्विफ्ट १.३ पेट्रोल घ्या, १२९८ सीसी, ८७ बीएचपी, पार्ट कुठंही मिळतात आणि घाटात अजूनही लय भारी बसते. झेन घ्यायची तर कार्बोरेटरवाली का एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारी, हा वाद आहे. माझं मत, एमपीएफआय घ्या, कारण कार्बोरेटर नीट ट्यून करणारी जुनी माणसं आता कमी झालीत, ज्याच्या ओळखीचा तसा मिस्त्री आहे त्यानं मात्र कार्बोरेटरवाली बिनधास्त घ्यावी, तिचा आवाजच वेगळा. २००३ ला झेनच्या तीन दारांच्या कार्बन आणि स्टील अशा काळ्या आणि चंदेरी लिमिटेड गाड्या निघालेल्या, त्या दिसायला नाद खुळा, पण मागच्या बाजूच्या काचा आणि लांब दारं मिळणं अवघड, काच तडकलेली असेल तर आधी काच शोधा मग गाडीला हात लावा. चार सिलेंडरची १०६१ सीसी अल्टो पण विसरू नका, तिला कुणी विचारत नाही म्हणून स्वस्तात मिळून जाते आणि झेनच्या तोडीची पळते.

आणि पॅलिओ १.६. फियाटनं २००१ ला आणलेली, १५९६ सीसी, १०० बीएचपी, सचिनच्या सहीची एस१० पण हिचीच. हायवेला रस्ता धरून पळायची ती अशी की आजच्या गाड्यांना जमत नाही. पण ही जड गाडी आहे, पेट्रोल पिते, आणि फियाटनं इथनं दुकान आवरल्यामुळं एखाद्या सेन्सरसाठी महिना महिना थांबायची तयारी पाहिजे. घरात दुसरी गाडी असेल तरच पॅलिओ. तिचा टायमिंग बेल्ट कधी बदलला ह्याचं बिल नसेल तर घेतल्या घेतल्या बदला, बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकायची भीती असते आणि मग खर्चाला अंत नाही.

आता गाडी बघायला जायचं. दिवसा उजेडी जा, पाऊस पडत असताना किंवा नुकतीच धुतलेली गाडी बघू नका, ओला पत्रा सगळं लपवतो. खिशात एक साधा लोहचुंबक ठेवा, फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या कडा, मागच्या चाकांच्या कमानी आणि रनिंग बोर्डवरनं फिरवा, जिथं चिकटत नाही तिथं लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय. मग चटई उचला, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा बोटानं दाबून बघा. डिकीत स्टेपनी काढून खड्डा बघा. बॉनेट उघडलं की इंजिन नको, बॅटरीखालची जागा आणि दोन्ही बाजूला शॉकअप जिथं बॉडीला बोल्टनं बसतो ती जागा बघा, तिथं गंज पोचला असेल तर नमस्कार करून निघायचं, किंमत कितीही पाडून देऊ देत. महाबळेश्वर, पाचगणी, पाटण, कोयनेच्या पट्ट्यात वाढलेली गाडी असेल तर हे दुप्पट नीट बघा, तिथला पाऊस पत्रा खातो. दुष्काळी भागातली, जत आटपाडीकडची नायतर माण खटावची गाडी रंगानं उडालेली दिसेल पण पत्रा टणक असतो, ती घ्या. रंग परत मारता येतो.

सांगलीची गाडी असेल तर अजून एक गोष्ट, पूर. २००५, २०१९, २०२१, कृष्णेनं तीनदा गावात पाणी घातलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांच्या वर गेलेली जिथं धोक्याची पातळीच ४५ आहे, त्या पाण्यात किती गाड्या बुडाल्या असतील विचार करा. त्यातल्या बऱ्याच धुऊन पुसून परत बाजारात आल्या. मालकाला सरळ विचारायचं की २०१९ ला गाडी कुठं उभी होती. मग सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून काढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ किंवा कुबट वास असेल तर समजून जा. सीटच्या रुळाचे बोल्ट, डॅशबोर्डच्या खालनं वर हात घालून वायरींच्या मागचा गाळ, फ्यूज बॉक्समधलं हिरवं पडलेलं तांबं, हेडलाईटच्या आतली पुसट पाण्याची रेघ. पुराची गाडी इंजिननं चालू होते, वायरिंगनं मात्र वर्षानुवर्षं रडवते. नाहीच घ्यायची.

पत्रा पास झाला तर मग इंजिन. मालकाला आधीच फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, इंजिन थंडच पाहिजे. थंड चालू करताना मागं कुणाला तरी उभं करा, निळा धूर आला की ऑईल जळतंय, व्हॉल्व्ह सील नायतर रिंगा गेल्यात, हे दुरुस्त होतंय पण भाव त्या हिशोबानं करा. ऑईलचं झाकण उघडून आतनं बघा, चहात दूध मिसळल्यासारखा रंग असेल तर पाणी ऑईलमध्ये जातंय म्हणजे हेड गॅसकेट गेलंय. झेनचं इंजिन ॲल्युमिनियमचं, एकदा जोरात तापलं की हेड वाकतं, म्हणून रेडिएटरात हिरवं किंवा लाल कुलंट आहे का नुसतं नळाचं गंजकं पाणी आहे हे बघितल्याशिवाय सौदा करू नका. चालवताना तिसऱ्यातनं दुसऱ्यात टाकून बघा, खर्रकन आवाज आला की गिअरबॉक्सचा खर्च धरा. मोकळ्या रस्त्यावर स्टेअरिंग हलकं सोडून ब्रेक मारा, गाडी एका बाजूला जाते का बघा. बास, टपेटचा थोडा आवाज, क्लच वर आलेला, शॉकअप बसलेले, ह्याला घाबरायचं नाही.

कागदपत्रं कंटाळवाणी आहेत पण इथंच लोक अडकतात. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, नंतर पासिंग करून दर ५ वर्षांनी वाढवायचं. ही फी पूर्वी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ५००० झाली आणि २०२५ मध्ये २० वर्षांच्या वरच्या कारसाठी १०,००० केली, वर पर्यावरण कर वेगळा. म्हणजे रिपासिंग झालेली गाडी आणि न झालेली गाडी ह्यांच्या भावात फरक पडलाच पाहिजे. आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा, कित्येक जुन्या गाड्यांचं कर्ज कधीच फिटलंय पण नोंद उतरवलेली नसते. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नवी नंबरप्लेट, म्हणजे एचएसआरपी, बसवलेली आहे का तेही बघा. आणि कुणी विंटेज आहे म्हणून भाव चढवत असेल तर ऐकू नका, सरकारी नियमात विंटेज म्हणजे ५० वर्षांच्या वर, झेनला त्याला अजून बराच वेळ आहे.

गाडी घरी आली की सगळ्यांचं मन अलॉय, सायलेन्सर, स्टिकर इकडं धावतं. पहिला पैसा ब्रेकवर घाला. ब्रेक ऑईल बदला, पुढचे पॅड, मागचे लायनर, रबरी होस पाईप, सगळं नवीन, ह्यातल्या बहुतेक गाड्यांना एबीएस नाही एअरबॅग नाही, तुम्ही आणि तुमचे ब्रेक एवढंच आहे. दुसरा पैसा टायरवर, टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, नक्षी नवीन दिसली तरी पाच सहा वर्षांच्या वरचं टायर दगड झालेलं असतं. तिसरा पैसा थंडाव्यावर, रेडिएटर, थर्मोस्टॅट, होस, पंखा. मग बुश, बॉल जॉइंट, शॉकअप. एवढं केलं की गाडी अशी बदलते की विकणारा मालक येऊन बघेल तर भाव वाढवून मागेल.

मारुतीच्याच एस्टिमचं १.३ इंजिन झेनमध्ये बसतं हे सगळ्यांना माहितीय आणि त्या काळी पोरांनी बसवली पण, पळायची पण तुफान. तरी मी म्हणेन बसवू नका. आरटीओच्या परवानगीशिवाय आणि आरसीवर नोंद केल्याशिवाय इंजिन बदललं तर अपघातात विम्याचं काम अडतं, ही एक गोष्ट, आणि दुसरी म्हणजे पुढं वजन वाढून ज्या हलक्या नाकासाठी आपण ही गाडी घेतली तेच जातं. रुंद टायरचं पण तसंच, एक साईज वाढवा त्याच्या पुढं जाऊ नका. एक बदल मात्र नक्की करा, हेडलाईटला रिले लावून जाड वायरिंग टाका. जुन्या वायरीत व्होल्टेज मरतं म्हणून लाईट पिवळा पडतो, रिले टाकला की त्याच ६०/५५ वॉटच्या बल्बात रस्ता दिसायला लागतो. आपल्याकडं ऊसाच्या सीझनला दोन दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रात्री मागं लाल दिवा नसताना उभे असतात, तिथं हा दोन हजाराच्या आतला खर्च जीव वाचवतो.

आता चालवायची कुठं. हायवेला नेऊ नका असं नाही, पण ह्या गाडीचं घर घाट आहे. साताऱ्यातनं यवतेश्वरचा घाट चढून कासकडं, वाईतनं पसरणी घाटानं पाचगणी, कराडकडच्यांना पाटण कोयनानगर करून कुंभार्ली, सांगलीवाल्यांना देवराष्ट्रे सागरेश्वरचा छोटा घाट किंवा दंडोबाचा डोंगर. पहाटे निघा. कासला फुलांच्या सीझनमध्ये, सप्टेंबर ऑक्टोबरला जाऊच नका, तिथं गाडी चालत नाही नुसती सरकते.

घाटात ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. वळणाच्या आधी दुसरा गिअर, आत शिरताना पाय हलका, बाहेरचा रस्ता दिसला की मग ॲक्सिलेटर. पुढची चाकं ओढतात अशी गाडी आहे, वळणात जास्त दाबलं तर नाक बाहेर जातं, आणि घाबरून एकदम पाय उचलला तर मागची बाजू सुटते, ओल्या रस्त्यावर तर हमखास, म्हणून जे करायचं ते हळूहळू करायचं. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचा विचार मनात पण आणू नका, छोटे ब्रेक तापले की पेडल खाली जातं आणि काहीच होत नाही. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. ५०-६० च्या वर जायची गरजच पडत नाही, ही गाडी त्याच स्पीडला शंभरची मजा देते आणि हेच तिचं खरं सुख आहे.

राहिला पावसाळा. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढतं, जुन्या कार्बोरेटरचे रबर, डायफ्राम, पेट्रोलचे पाईप त्यानं लवकर जातात, तर पाईप नवीन टाका, गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा आणि आठवड्यातनं एकदा इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवा, नुसतं जागेवर चालू करून बंद करणं उलट वाईट. प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत वाफ धरते, पत्र्याची शेड असेल तर तिथं मोकळी उभी करा. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची बारीक भोकं असतात ती काडीनं मोकळी करा. आणि पाऊस संपला, दसऱ्याच्या आसपास, की गाडी लिफ्टवर घेऊन खालनं चिखल धुऊन दोन दिवस उन्हात वाळवून अँटीरस्ट मारून घ्या, दरवर्षी.