दावोसच्या आठवड्यातील झुरिच : सरकारी विमाने कॅमेऱ्यात टिपण्याची तयारी

महाराष्ट्रात जानेवारी उजाडला की दावोसचे नाव वर्तमानपत्रांत येते ते सामंजस्य करारांमुळे. विमानांचा छंद असलेल्यांना मात्र तो आठवडा दुसऱ्याच कारणासाठी मोलाचा वाटतो, कारण जागतिक आर्थिक मंचाच्या बैठकीला येणाऱ्या राष्ट्रप्रमुखांची मोठी विमाने झुरिचजवळच्या क्लोटन येथील विमानतळावर उतरतात आणि एरवी वर्षानुवर्षे वाट पाहायला लावणारी विमाने चार-पाच दिवसांत एकाच ठिकाणी दिसतात. पुण्यात लोहगाव हवाई दलाचा आणि गोव्यात दाबोळी नौदलाचा तळ असल्यामुळे आपल्याला कॅमेरा पिशवीतच ठेवण्याची सवय असते, त्यामुळे तिथली मोकळीक पहिल्या दिवशी खरीच वाटत नाही. ही मोकळीक स्पॉटर, म्हणजे विमाने पाहून टिपणाऱ्या छंदिष्ट मंडळींच्या शिस्तीवर टिकून आहे, म्हणून तयारीचा आरंभ कॅमेऱ्यापासून न करता नियमांपासून करावा.

उभे राहण्याची जागा घरूनच ठरवावी आणि ती बैठकीच्या दिवसांत खुली आहे का, हे विमानतळाच्या संकेतस्थळावर आठवडाभर आधी आणि पुन्हा आदल्या रात्री पाहावे. पहिल्यांदा जाणाऱ्याने प्रवासी इमारतीवरची प्रेक्षक-गच्ची निवडावी, कारण ती पाहणाऱ्यांसाठीच बांधलेली आहे आणि तिथे लांब लेन्स घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे कोणी संशयाने पाहत नाही. कुंपणालगत उभे राहायचे असेल तर कुंपणाची दारे आणि अग्निशमन गाड्यांची वाट मोकळी सोडावी व शेतकऱ्यांच्या शेतात पाऊल टाकू नये. ड्रोन घरीच ठेवावा. स्वित्झर्लंडमध्ये विमानतळापासून पाच किलोमीटरच्या आत तो परवानगीविना उडवता येत नाही, आणि या आठवड्यात दावोसभोवतीचे आकाशही लष्कराच्या निगराणीखाली असते.

पासपोर्ट, व्हिसाची प्रत आणि राहण्याच्या ठिकाणाचा पत्ता वरच्या खिशात हाताशी ठेवावा. एका दुपारी दोन पोलीस माझ्याजवळ आले, त्यांनी ओळखपत्र पाहिले आणि शेवटचे वीस-पंचवीस फोटो दाखवायला सांगितले. मी कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्याकडे वळवून एकेक फोटो सावकाश पुढे सरकवला, आणि पाच मिनिटांत ते शुभेच्छा देऊन निघून गेले. त्या फोटोंत केवळ विमाने होती, म्हणून प्रसंग तेवढ्यावर मिटला. सुरक्षारक्षकांचे चेहरे, त्यांच्या गाड्यांची रांग किंवा त्यांची उभी राहण्याची ठिकाणे टिपायचीच नाहीत, हा नियम मी त्याआधीपासून पाळत होतो आणि आजही त्याला अपवाद करत नाही.

दुसऱ्या देशात हीच सवलत मिळेल असे गृहीत धरू नये. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधील कालामाता येथे बारा ब्रिटिश आणि दोन डच स्पॉटरांना अटक झाली. विमानांचे क्रमांक वहीत टिपण्याच्या छंदाकडे तिथल्या यंत्रणेने हेरगिरी म्हणून पाहिले, एप्रिल २००२ मध्ये शिक्षा सुनावल्या गेल्या आणि अपिलात सर्वांची सुटका व्हायला त्या वर्षीचा नोव्हेंबर उजाडला. म्हणून झुरिचलाही वहीत तारीख, विमानाचा प्रकार आणि शेपटीवरचा क्रमांक एवढेच लिहावे.

काय येणार याचा अभ्यास हा तयारीतला सर्वांत आनंदाचा भाग आहे आणि त्याला मी सगळ्यांत जास्त वेळ देतो. अमेरिकेच्या अध्यक्षांसाठी बोइंग ७४७-२००बी वर बेतलेली दोन व्हीसी-२५ए विमाने आहेत व त्यांच्या शेपटीवर २८००० आणि २९००० हे क्रमांक असतात. ‘एअर फोर्स वन’ हे विमानाचे नाव नसून अध्यक्ष विमानात असतानाचे रेडिओवरचे संबोधन आहे, त्यामुळे फोटोखाली मजकूर लिहिताना ते जपून वापरावे. ही विमाने येण्यापूर्वी गाड्या आणि साहित्य घेऊन सी-१७ मालवाहू विमाने येतात, आणि माझ्या मते तीही तितक्याच लक्षपूर्वक टिपण्याजोगी असतात. जर्मनीचे एअरबस ए३५०, फ्रान्सचे एअरबस ए३३० आणि जपानचे बोइंग ७७७-३००ईआर यांचे रंग व चिन्हे आधी नीट पाहून ठेवावीत. २०१८ मध्ये आपले पंतप्रधान दावोसला गेले तेव्हा भारताचे अतिविशिष्ट व्यक्तींसाठीचे विमान ७४७ होते. सध्याची दोन ७७७-३००ईआर विमाने २०२० मध्ये दाखल झाली.

मोबाइलवरच्या विमान-मागोवा अ‍ॅपवर विसंबून राहू नये. अनेक सरकारी विमाने आपले स्थान प्रसारित करत नाहीत, आणि केलेच तर काही संकेतस्थळे ते दाखवत नाहीत. स्थान न सांगणाऱ्या विमानाचे स्थान जमिनीवरच्या चार किंवा अधिक ग्राहकयंत्रांवर त्याचा एकच रेडिओ संदेश किती वेळेच्या फरकाने पोहोचला यावरून काढले जाते, त्यामुळे डोंगराळ भागात विमान नकाशावरून मध्येच नाहीसे होते. ते परत दिसण्याची वाट पाहत पडद्यात डोके घालण्यापेक्षा क्षितिजाकडे पाहावे.

लेन्स १००-४०० मिलिमीटरची पुरते. सत्तर मीटर लांबीचे ७४७ जवळून जाते तेव्हा ४०० वर शेपूट चौकटीबाहेर जाते, म्हणून चाके टेकण्याच्या क्षणी २०० च्या आसपास यावे. ढगाळ आकाशापुढचे किंवा बर्फापुढचे पांढरे विमान कॅमेऱ्याला फार उजळ वाटते आणि तो फोटो काळवंडून टाकतो. त्यासाठी एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (उजेडाचे माप) वाढवून ठेवावे आणि शटर शक्यतो १/१००० सेकंदापेक्षा मंद ठेवू नये. १४ क्रमांकाची धावपट्टी वायव्येकडून आग्नेयेकडे जाते, त्यामुळे दुपारनंतर तिच्या नैर्ऋत्य बाजूला उभे राहिल्यास ऊन पाठीशी येते. जानेवारीत तिथे आठच्या सुमारास उजाडते, पाचच्या सुमारास मावळते, आणि खालच्या ढगांचा थर दिवसभर हटत नाही असेही दिवस असतात. तेवढ्यासाठी एक जादा दिवस हाताशी ठेवावा.

थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून दोन जादा बॅटऱ्या शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवाव्यात. बोटांची टोके उघडी राहणारे लोकरी हातमोजे, जाड तळव्यांचे बूट आणि थर्मासमध्ये चहा घ्यावा.

फोटो त्याच क्षणी समाजमाध्यमांवर टाकू नयेत. विमान परत गेल्यावर टाकलेल्या फोटोचे मोल कमी होत नाही, आणि विमानात बसलेल्या माणसाच्या सुरक्षेच्या आपला छंद कुठेही आड येत नाही. सायंकाळी उबदार रेल्वेत शिरण्यापूर्वी मेमरी कार्ड काढून घ्यावे आणि कॅमेरा हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत घालून खोलीवर पोहोचल्यानंतरही तासभर तसाच ठेवावा, म्हणजे दव पिशवीवर साचते आणि लेन्स कोरडी राहते.