एसएसएच सेशन सारखं तुटतंय? या चुका टाळा

एसएसएचने, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन करायच्या सोयीने, उघडलेलं टर्मिनल गोठलं की लगेच नेटला शिव्या घालू नका, आधी एवढंच बघा की ते नुसतं पडून राहिल्यावर गोठतंय की नेटवर्क बदलल्यावर, कारण दोन्हीचे उपाय एकदम वेगळे आहेत आणि बहुतेक जण इथेच फसतात.

पडून राहिल्यावर गोठत असेल तर मधला नॅट, म्हणजे आतल्या नेटवर्कचे पत्ते बदलून बाहेर नेणारा राउटर, तुमचं कनेक्शन विसरलाय. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या (एडब्ल्यूएस) नॅट गेटवेवर ही विसरायची मुदत ३५० सेकंद आहे. इथे टीसीपी कीपअलाइव्हच्या, म्हणजे एसएसएच ज्यावर चालतं त्या टीसीपीने कनेक्शन जिवंत आहे का ते तपासायला पाठवलेल्या पॅकेटच्या, भरवशावर राहू नका, लिनक्सवर त्याचं पहिलं पॅकेट बाय डिफॉल्ट ७२०० सेकंदांनी जातं, म्हणजे दोन तासांनी, तोवर सगळं संपलेलं असतं. एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल, म्हणजे क्लायंटने दर किती सेकंदांनी सर्व्हरला 'आहेस का' विचारायचं तो आकडा, ६० करा, तो मुळात शून्य म्हणजे बंद असतो. आणि हो, जास्त सेफ म्हणून ५ वगैरे अजिबात ठेवू नका! उत्तराविना तीन वेळा विचारून झालं की क्लायंट स्वतःच सेशन तोडतो, म्हणजे साधारण १५ सेकंद रेंज गेली तरी खेळ खलास, जे टीसीपीने एरवी आरामात सांभाळून घेतलं असतं.

आता वायफायवरून मोबाइल डेटावर गेल्यावर तुटत असेल तर कीपअलाइव्ह कितीही लावा, काही होणार नाही. टीसीपी कनेक्शन दोन्हीकडच्या आयपी आणि पोर्टला बांधलेलं असतं, आयपी बदलला की ते गेलंच. इथे मॉश वापरा. एमआयटीमध्ये तयार झालेलं हे टूल लॉगिन एसएसएचनेच करतं आणि पुढचं सगळं यूडीपीवर, म्हणजे कनेक्शन न बांधता सुटी पॅकेट पाठवायच्या पद्धतीवर, चालवतं, शेवटचं खरं पॅकेट ज्या पत्त्यावरून आलं तिकडे सर्व्हर उत्तर पाठवतो, त्यामुळे आयपी बदलला तरी सेशन जिवंत. यूडीपीवरच चालणाऱ्या क्विक या प्रोटोकॉलमध्येही कनेक्शन आयडी असतो तो याचसाठी. यूडीपी म्हणजे बेभरवशाचं असं म्हणून मॉश टाळणारे बरेच भेटतात, पण पॅकेट हरवलं तर सांभाळायचं काम मॉश वरच्या थरात स्वतः करतं.

मॉश चालूच होत नसेल तर फायरवॉल बघा, फक्त एसएसएचचा २२ नंबरचा पोर्ट उघडा ठेवून चालत नाही, यूडीपीचे ६०००० ते ६१००० पोर्ट लागतात. पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे दुसऱ्या पोर्टचा डेटा याच कनेक्शनमधून नेणं, मॉशमध्ये नाही, त्यासाठी एसएसएचच. आणि लॅपटॉप रीस्टार्ट झाला तर मॉशचं जुनं सेशन परत जोडता येत नाही, म्हणून डेटाबेस मायग्रेशनसारखं लांबलचक काम आधी सर्व्हरवर टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी आतलं काम चालू ठेवणारं टूल) उघडून त्यातच सुरू करा, मग वर एसएसएच असो की मॉश.